वाऱ्या कारवानी आणि परसदारच्या कोंबड्या यांचे तहाची हकीकत

श्री खंडेराय प्रसन्न. ज्याचे सोबतीस श्वान चालतो तो खंडेराय आणि ज्याचे निशाणावर कुक्कुट शोभतो तो कार्तिकस्वामी, उभय देवांस दंडवत घालोन, आणि हे लेखन पुरे होईतो उभयतांनी आपसांत तंटा न करावा ऐसी अर्जी करोन, जैसे घडले तैसे लिहिले जाते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख मासी एका राज्यात मोठा प्रसंग गुदरला. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण सांगितल्यास तेथील मंडळी आम्हांस जेवावयास बोलाविणे बंद करतील. चतुःसीमा मात्र ऐशा, की पूर्वेस न्हाणीचा दगड, पश्चिमेस शेवग्याचे झाड, दक्षिणेस उकिरडा, आणि उत्तरेस मागील दार, ज्यातून आत गेले असता स्वयंपाकघर लागे. इतक्या मुलखावर राजमातोश्री हौसाबाई साहेब यांचा अंमल चाले. त्यांचे यजमान पिराजीराव महाराज हे गादीचे धनी, आणि ती गादी सोप्यात अंथरलेली असे, आणि महाराज तिजवर बसोन हुकूम सोडीत, आणि हुकूम सोडोन जाहले की तिजवरच आडवे होत. हुकूम पाळावा की न पाळावा हे मातोश्री ठरवीत.

प्रजा म्हणाल तर गावरान कोंबड्या, काही काळ्या, काही तांबड्या, आणि त्यांजवर एक कोंबडा, ज्याचे नाव फौजदार. त्याचा तुरा लाल, शेपूट हिरवे, आणि चाल ऐसी की सारा मुलूख आपलेच पगारावर आहे. परंतु मातोश्रींचा जीव होता तो झिपरी नावाचे कोंबडीवर. तिची पिसे उलटी फिरलेली, रूप म्हणाल तर काही नाही, परंतु ती पिलू असता तिची आई मुंगसाने नेली, तेव्हा मातोश्रींनी तिजला पदराखाली घेवोन, चुलीच्या उबेस टोपलीत ठेवोन वाढविली. मग ती मोठी जाहली तरी मातोश्री तांदूळ निवडावयास बसल्या की मांडीवर येवोन बसे, आणि मातोश्री तिजशी घरातील सर्व गोष्टी बोलत. घरात दुसरे बोलावयास होते कोण? पुत्र एकच, युवराज अमोलराव, ते कारखान्यात पाळीवर जात आणि घरी येवोन मोबाईलात पाहात. लेक नाही, ही मातोश्रींचे मनातील मोठी खंत होती.

ऐसे असता युवराजांचे लग्न जाहले. नदीपलीकडील माळरानाचे मुलखातील खाशाबाराव यांची कन्या स्नेहलबाई साहेब सून म्हणोन आणिली. आता रिवाज ऐसा की नवी नवरी सासरी निघाली म्हणजे तिजबरोबर माहेरची कोणी पाठराखीण यावी, तिने चार दिवस राहोन पोरीस धीर द्यावा. आजीबाई येणार होत्या, परंतु त्यांचे गुडघे दुखो लागले. मग गाडीचे दार उघडले तोच स्नेहलबाईंनी बाटलीने दूध पाजोन वाढविलेला वाऱ्या नावाचा श्वान उडी मारोन आत बसला आणि काही केल्या उतरेना. ओढिला, चुचकारिला, बिस्कीट दाखविले, बिस्कीट खाल्ले आणि तेथेच राहिला. तेव्हा खाशाबाराव कंटाळोन म्हणाले, "जाऊ द्या. ह्योच पाठराखीण समजा." वऱ्हाडात हशा पिकला. मातोश्री तर डोळे पुसेतो हसल्या आणि वाटभर त्याचे पाठीवरून हात फिरवीत आल्या.

हा वाऱ्या कारवानी जातीचा. पाय लांब, तोंड निमुळते, पोट पाठीस लागलेले, बरगड्या बाहेरून मोजाव्या. गल्लीतील बायका येवोन पुसत, की माहेरी यास जेवू घालीत नव्हते काय? मातोश्रींसही दया आली आणि त्यांनी दुधात भाकरी कुस्करोन पुढे ठेविली. त्या रात्री स्नेहलबाई सासूजवळ बसोन किती बोलल्या म्हणून सांगावे! माळावरच्या गोष्टी, शाळेच्या गोष्टी, वाऱ्या सशामागे कैसा धावतो याच्या गोष्टी. मातोश्री ऐकत होत्या आणि मनात म्हणत होत्या, की देवाने लेक दिली नाही खरी, पण उशिरा का होईना पाठविली. सशाचे बोलण्याकडे मात्र त्यांनी लक्ष दिले नाही, आणि तेथेच घात जाहला.

दुसरे दिवशी सूर्य उगवताच मातोश्रींनी नेहमीप्रमाणे खुराड्याचे दार उघडिले आणि प्रजा बाहेर पडली. वाऱ्या मागील दारात आळोखेपिळोखे देत होता. एक कोंबडी फडफडोन पळाली मात्र, आणि श्वान दारात होता तो दारात नाही ऐसे जाहले. न्हाणीपासोन शेवग्यापर्यंत एकच धूळ उडाली, आणि फौजदार छपरावर चढोन तेथून आरडाओरड करो लागला, आणि रयत दाही दिशांस पांगली, आणि धूळ बसली तेव्हा झिपरी धारातीर्थी पडली होती. वाऱ्याने तिजला तोंडात धरोन आणिली आणि मातोश्रींचे पायाशी अलगद ठेविली, आणि शेपूट हालवीत त्यांचे तोंडाकडे पाहात राहिला, की आता मज शाबासकी मिळेल.

"माझ्या लेकराला खाल्लंस की रं मुडद्या!" मातोश्री ओरडल्या आणि हातातील सूप त्याजवर फेकिले. स्नेहलबाई धावत आल्या, आणि पाहिले, आणि त्यांचे तोंड पांढरे पडले. "आत्याबाई, त्याला कळत नाही ओ," त्या सासूस रडत म्हणाल्या. "पळतंय ते धरायचं, एवढंच त्याला ठावं हाय." मातोश्रींनी झिपरीस उचलोन पदरात घेतले. पिराजीराव महाराज गादीवरून उठोन आले, आणि सर्व पाहोन म्हणाले, "झालं ते झालं. आता निदान रस्सा तरी—" परंतु मातोश्रींनी त्यांजकडे पाहिले, तेव्हा महाराजांनी पुढील शब्द गिळिला. मग शेवग्याखाली खड्डा काढोन झिपरीस मूठमाती दिली. शेजारील काकू कुंपणावरून सल्ला देत होत्या, की मेलेली कोंबडी कुत्र्याचे गळ्यात बांधावी, म्हणजे जन्माची खोड मोडते. मातोश्री म्हणाल्या, "ती मेली तेवढी पुरं झाली. आता तिची आनखी इटंबना नको."

मग सोप्यात खलबत बसले. महाराजांनी व्याह्यांस फोन लाविला आणि मसलत ठरली ती ऐसी, की नवे सुनेने पहिला आखाड सासूचे तोंड पाहू नये, माहेरी राहावे, हा रिवाज आहेच. तर ज्येष्ठ सरता सरता खाशाबाराव लेकीस न्यावयास येतील तेव्हा श्वानासही घेवोन जावे. लेक महिन्याने परत यावी, श्वान येऊ नये. स्नेहलबाईंनी दारामागून ऐकले आणि "बरं" इतकेच म्हणाल्या. त्या दिवसापासोन त्यांचे बोलणे आटले. पुसले तर "व्हय", सांगितले तर "जी". काम सारे चोख, परंतु घर मुके जाहले. मातोश्रींस कोंबडीचे दुःख होते ते होतेच, त्यात हे दुसरे येवोन पडिले. झिपरी गेली आणि बोलणारी सूनही गेली, दोन्ही एकाच सकाळी, ऐसे त्यांस वाटे, आणि त्या चुलीपुढे बसोन कोणावर रागवावे ते न समजोन लाकडांवर रागवत.

आखाड येईतो राज्य राखणे अगत्य होते. पिराजीराव महाराजांनी मोहिमेची सूत्रे हाती घेतली. पहिली मसलत लोढण्याची. उनाड गुराचे गळ्यात जैसा लाकडाचा ओंडका बांधतात, की पळो जाता पायांत आडवा यावा, तैसा एक ओंडका वाऱ्याचे गळ्यात बांधिला. वाऱ्या कोंबडीमागे निघाला, ओंडका रांजणावर आदळला, रांजण फुटला, परसात पूर आला, आणि कोंबडी न्हाणीवर बसोन तमाशा पाहात राहिली. दुसरी मसलत मुसक्याची. मळणीचे वेळी वासराने धान्य खाऊ नये म्हणोन तोंडास जे दोरीचे मुसके बांधतात ते आणिले. परंतु वासराचे तोंड कोठे आणि कारवान्याचे कोठे! मुसके नाकावरून घसरले आणि गळ्यात येवोन हारासारखे शोभो लागले. शेजारील काकूंनी पुसले, "आज ह्याचा सत्कार हाय काय?" महाराज त्या दिवशी जेवावयासही नीट बसले नाहीत.

तिसरी मसलत तटबंदीची, आणि ती कामास आली. शेतात डुकरे येऊ नयेत म्हणोन लोक जुन्या साड्या लावतात, तैसे परसाचे मधोमध बांबू रोवोन त्यांजवर मातोश्रींची जुनी लुगडी ताणिली. अलीकडे श्वान, पलीकडे रयत. पहिले दिवशी वाऱ्याने तट उडी मारोन ओलांडिला. दैव बरे म्हणोन साखळीचे टोक स्नेहलबाईंचे हाती होते. मग महाराज बोलले, की तट उंच केला पाहिजे. घरात लुगडी संपली होती. तेव्हा महाराज खासा आत गेले, आणि ट्रंक उघडोन लग्नात आलेल्या आहेराच्या साड्यांचा गठ्ठा बाहेर काढिला, की ज्या साड्या कोणी नेसत नाही, फक्त पुढचे लग्नात दुसऱ्यास देतात. त्यांजपैकी हातास लागल्या त्या वरचे अंगास लाविल्या. तट पुरुषभर उंच जाहला. आणि नवल ऐसे, की कोंबडी दृष्टीआड होताच श्वान शांत बसो लागला. ही जात नाकाने नव्हे, डोळ्याने शिकार करिते. दिसले तर धावावे, न दिसले तर निजावे. महाराजांनी ही आपली युक्ती म्हणोन गावभर सांगितली.

परंतु मातोश्रींचे लक्ष दुसरीकडे लागले होते. त्या रोज सकाळी तटाचे अलीकडे भाकरीचा तुकडा घेवोन बसत, आणि साडीचे फटीतून कोंबड्या दिसत, आणि वाऱ्या साखळीस बांधिलेला तेथेच असे. त्याचे डोळे फटीवरून हालत नसत. कान उभे, अंग थरथरत, दात वाजत. प्रथम मातोश्रींस त्याचा राग येई. मग त्यांनी पाहिले, की यास पाप काही ठाऊक नाही. यास कोणी आवरत नाही आणि हा स्वतःस आवरू शकत नाही, इतकेच आहे. एके दिवशी सहज त्या म्हणाल्या, "वाऱ्या, इकडं बघ." त्याने क्षणभर मान फिरविली आणि मातोश्रींनी त्याचे तोंडात भाकरी घातली. पुन्हा फटीकडे, पुन्हा "इकडं बघ," पुन्हा भाकरी. ऐसे करता करता रोजचा नेम पडिला. आधी पहाटे युवराजांनी त्यास सायकलीबरोबर माळापर्यंत पळवोन आणावे, दम काढावा, आणि मग मातोश्रींनी भाकरी घेवोन बसावे. पुढे शिकविण्यापुरती एक साडी उतरविली, मग दुसरी. कोंबडी जवळ येई, श्वान थरथरे, "इकडं बघ" म्हणताच मान फिरवी. न फिरविली तर भाकरी नाही, रागावणेही नाही, साखळी धरोन माघारी नेणे. कधी चार दिवस चांगले जात आणि पाचवे दिवशी एखादी कोंबडी उडे, आणि सारे शिकविणे वाऱ्यावर जाई, आणि साखळीस हिसका बसोन मातोश्री भुईवर आपटत. उठोन पदर झटकीत आणि म्हणत, "बघ, आज मीच चुकले. उशिरा हाक मारली." स्नेहलबाई हे सर्व भांडी घासता घासता पाहात. एके सकाळी त्या हळूच जवळ येवोन म्हणाल्या, "आत्याबाई, भाकरी शिळी घेऊ नका. त्याला ताजी आवडती." बहुत दिवसांनी त्या आपण होवोन बोलल्या होत्या. मातोश्रींस इतका आनंद जाहला, की त्यांनी त्या दिवशी श्वानास अर्धी भाकरी जास्त दिली.

तरीही मनात धास्ती होतीच. साखळी हाती असता जो मान फिरवितो तो साखळी सुटली असता फिरवील काय? ते करोन पाहण्याची छाती मातोश्रींस होईना. आणि इकडे ज्येष्ठ सरत आला.

मग एक बुधवारी खाशाबाराव पाहुणे म्हणोन गाडी घेवोन दाखल जाहले. त्यांनी पान, पेढे, लेकीचे साडीचोळीचा मान सर्व यथास्थित आणिले. महाराजांनी सामोरे जावोन "या पावनं, या" म्हणोन हात धरोन आणिले, आणि वाऱ्या भेटीस अधीर जाहला म्हणोन त्यांस थेट परसात नेले. तेथे खाशाबाराव श्वानास पोटाशी धरोन उभे राहिले, आणि त्यांची नजर तटाकडे गेली, आणि तेथेच थांबली. तटाचे वरचे अंगास मोरपंखी रंगाची, जरीचे काठाची एक साडी ताणिलेली होती, आणि तिजवर फौजदार नित्य बसत असल्याने त्याचे शिक्केमोर्तब जागोजागी उमटले होते. ही साडी लग्नात खाशाबारावांनी विहिणीस मान म्हणोन स्वतः दिली होती. महाराजांनी गठ्ठ्यातून काढिली तेव्हा पाहिले नाही, मातोश्रींनी तट पाहिला तो श्वानाचे नजरेने, आणि ध्यानी आले ते आता. खाशाबाराव इतकेच म्हणाले, "साडी टिकाऊ निघाली म्हणायची." मातोश्रींस वाटले भुई दुभंगावी. स्नेहलबाई दारातून आत पळाल्या.

महाराजांचे डोक्यात मात्र एकच गोष्ट शिरली, की व्याह्याचा अपमान जाहला, तो धुवोन काढिला पाहिजे. व्याही घरी आला आणि कोंबडा कापिला नाही ऐसे त्यांचे घराण्यात कधी घडले नव्हते. आज तर कोंबडा असा व्हावा, की साडीची गोष्ट रश्श्यात बुडोन जावी. त्यांनी आज्ञा केली, "फौजदाराला धरा!" आणि धरणारे तेच एकटे होते, म्हणोन स्वतःच धावले. फौजदार तटावर चढला, तटावरून न्हाणीवर, न्हाणीवरून उकिरड्यावर, आणि महाराज टॉवेल घेवोन त्याचेमागे, आणि टॉवेल टाकोन झडप घालू जाता खासा स्वारी उकिरड्यात पालथी पडली. "राहू द्या ओ पावनं," खाशाबाराव म्हणाले, "पिठलं-भाकरी चालंल की." हे ऐकोन महाराजांस जास्तच झोंबले. "व्याह्याला पिठलं? गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हाईल का मला?" ऐसे म्हणोन ते उठले, आणि अंगावरील शेण तैसेच ठेवोन, वाऱ्याजवळ गेले, आणि त्याचे साखळीची कडी काढिली, आणि फौजदाराकडे बोट करोन ओरडले, "वाऱ्या, धर!"

मातोश्री त्या समयी आत पाट्यावर मसाला वाटीत होत्या. "धर" हा शब्द कानी येताच त्यांचे हातातील वरवंटा जागीच थांबला. महिन्याभराचे सारे कष्ट, सुनेचे परत आलेले दोन शब्द, हे सर्व आता मातीत जावयास निघाले ऐसे त्यांस दिसले. मसाल्याने भरले हात तैसेच घेवोन त्या धावल्या. बाहेर पाहतात तो श्वान सुटला होता. फौजदार जमिनीवरून उडण्याचे बेतात होता, आणि वाऱ्याचे तोंडात त्याचे शेपटीचे एक हिरवे पीस आले होते, आणि दुसरे झेपेत मान येणार होती. मातोश्री जीव खावोन ओरडल्या, "वाऱ्या! इकडं बघ!"

पाय जमिनीत रुतले. धूळ उडाली. श्वान घसरत जावोन थांबला. अंग सारे कोंबड्याकडे, आणि मान फिरविलेली मातोश्रींकडे. दात वाजत होते, पाठीवरचे केस उभे होते. फौजदार जागचे जागी दिङ्मूढ होवोन पळावयाचेही विसरला. "धर! धर म्हंतो!" महाराज ओरडले. "इकडं बघ," मातोश्री हळू म्हणाल्या. जवळ भाकरी नव्हती. त्यांनी रिकामा हात पुढे केला. वाऱ्याने एक पाऊल उचलिले, पुन्हा मागे पाहिले, आणि मग कोंबड्याकडे पाठ करोन, हळू हळू, कण्हत कण्हत मातोश्रींकडे आला, आणि त्यांचा हात चाटला. हात मिरचीचा होता. श्वानाने ऐसे शिंकावयास प्रारंभ केला की कोंबड्याचे पीस तोंडातून उडोन महाराजांचे मिशीस चिकटले.

मातोश्री तेथेच भुईवर बसल्या, त्याचे डोके मांडीवर घेतले, आणि व्याह्यांदेखत नवऱ्यास बोलल्या, जे त्या कधीही बोलल्या नव्हत्या. "अवो, महिनाभर मी त्याला सांगतीया, कोंबडीला शिवायचं न्हाई. आन तुमी आज म्हंता धर. त्या मुक्या जीवानं ऐकायचं कुणाचं? आज त्याच्या तोंडात कोंबडा दिला, तर उद्या खून पडला की दोष त्याचा न्हाई, आपला." मग खाशाबारावांकडे वळोन, डोकीवरील पदर सारखा करोन म्हणाल्या, "दादा, तुमचा मान ऱ्हाईला न्हाई. साडीचंबी चुकलं आन आता जेवनाचंबी चुकणार. पर ह्या कोंबड्याला मी आज कापून देणार न्हाई. त्येच्यावरनं ह्यानं मान फिरवली. आता त्यो कोंबडा ह्याच्या तोंडापुढं कापला, तर काय शिकला बिचारा? जे काय बोलायचं ते मला बोला."

खाशाबाराव दोन पावले पुढे आले. मग तेही खाली बसले. "ताई," ते म्हणाले, "ह्याच्या आईला मी पाळली, ह्याच्या आजीला माझ्या बानं पाळली. पळत्या सश्यावरनं ह्या जातीनं मान फिरवल्याली आजवर मी बघितली न्हाई. माझ्यानं तर हे कधीच झालं न्हाई." आणि श्वानाची मान थोपटोन म्हणाले, "अंडी हायत न्हवं? मग अंड्याचा रस्सा करा. तिखट करा. आन ती साडी तिथनं काढू नका. आमची साडी तुमच्या किल्ल्यावर हाय, ह्येबी काय कमी न्हाई."

मग पंगत बसली. व्याही आला आणि अंडी वाढिली, ऐसे त्या घराण्यात प्रथमच घडले. खाशाबारावांनी तीन वेळा रस्सा मागून घेतला, आणि महाराजांचा चेहरा पहिल्या वाढीस उतरलेला होता तो तिसऱ्या वाढीस जागेवर आला. जेवणे उरकली, सुनेची बॅग गाडीत ठेविली, आणि आता मुद्द्याची गोष्ट निघाली. महाराज खाकरोन म्हणाले, "तर मग कुत्र्याचं—" खाशाबाराव म्हणाले, "माझं काय बी म्हननं न्हाई. कुत्रा स्नेहलचा हाय. तिला इचारा." सर्वांनी तिजकडे पाहिले. मातोश्रींनी मात्र पाहिले नाही. त्या अंगणातील खडे पायाने बाजूस सारीत उभ्या राहिल्या, की जाते म्हणाली तर जाते, लेकीची वस्तू लेकीने न्यावी, आपण काय म्हणोन अडवावे?

स्नेहलबाई परसात गेल्या. वाऱ्यास घेवोन आल्या. तो गाडी पाहोन नाचो लागला. त्यांनी त्याचे कानांमागे खाजविले, आणि साखळी मातोश्रींचे हाती दिली. "आत्याबाई," त्या म्हणाल्या, "मी महिनाभर नसणार. मी नसताना तुमच्याशी बोलायला घरात कोणीतरी पायजे." मातोश्रींनी साखळी घेतली. तिचे दोन वेढे मनगटास घेतले. झिपरी गेल्याची उणीव कशानेही भरोन येत नाही, हे खरेच. परंतु जिने हे जाणोन आपला जीव दुसऱ्याचे हाती दिला, ती पोर आपलीच आहे, हे त्यांस त्या घडीस कळोन चुकले.

इतक्यात महाराज, ज्यांस अद्यापि राहवत नव्हते, ते फौजदारास पंखांखाली धरोन घेवोन आले. दमलेला फौजदार दुपारी कोंबड्या झाकावयाचे डालग्याखाली सापडला होता. "पावनं," महाराज बोलले, "कापून वाढायला आमच्या राणीसरकारांनी बंदी घातली. मग हा जिताच न्या. व्याह्याला कोंबडा दिला न्हाई असं कोण म्हणायला नको." आणि कोणी काही म्हणण्याचे आत त्यांनी फौजदार खाशाबारावांचे मांडीवर ठेविला. फौजदाराने मान वर करोन गाडी पाहिली, चालक पाहिला, आणि आपलीच स्वारी निघाली ऐसे समजोन मोठ्याने बांग दिली. कुत्रा न्यावयास आलेले खाशाबाराव मांडीवर कोंबडा घेवोन गाडीत बसलेले पाहताच स्नेहलबाईंस हसू आले. आधी पदरात हसल्या, मग आवरेना, मग गाडीचे दारास धरोन, पोट धरोन, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. ते हसू त्या घराने लग्नाचे दिवसानंतर ऐकले नव्हते. मातोश्री एकटक पाहात राहिल्या आणि बोलोन गेल्या, "अशीच हसत परत ये गं बाई. कोंबड्या मेल्या तरी चालतील मला." मग आपणच दचकोन म्हणाल्या, "न्हाई, कोंबड्या नकोत मरायला. पर तू ये."

तात्पर्य, उभय राज्यांत तह जाहला, श्वान या बाजूस ओलीस राहिला, कोंबडा त्या बाजूस. वाऱ्याचा स्वभाव पालटला म्हणावे तर तैसे नाही; पिले बाहेर असता तो साखळीस असतो आणि तट अद्यापि उभा आहे. आखाडात सासूने सुनेचे तोंड पाहू नये हा रिवाज मातोश्रींनी काटेकोर पाळिला, परंतु फोनवर आवाज ऐकू नये ऐसे कोठे लिहिलेले त्यांस आढळले नाही. सबब रोज सांजेस बोलणे होते, आणि मातोश्री फोन श्वानाचे कानाशी धरतात, आणि पलीकडून स्नेहलबाई म्हणतात, "वाऱ्या, आत्याबाईंकडं बघ," आणि तो बघतो. इति हकीकत, जैसी ऐकिली तैसी लिहिली, अधिक उणे क्षमा असावी.